बर्फ, कोरा चहा आणि सेंट लुईसची गोष्ट

घरी आइस टी कसा करावा हे सांगण्याआधी पुष्कळदा एक गोष्ट सांगितली जाते. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचा गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करीत होता. उन्हाळा असा कडक, की वाफाळत्या चहाकडे कोणी फिरकेना. तेव्हा त्याने तो चहा बर्फातून नेलेल्या नळ्यांमधून खेळवून गार केला आणि वाटला, त्यावर लोकांची झुंबड उडाली आणि आइस टीचा जन्म झाला. गोष्ट सुटसुटीत आहे आणि तिच्यातला माणूस, शहर व प्रदर्शन ही तिन्ही खरी आहेत. जन्माचा भाग तेवढा खरा नाही.

कारण त्याआधी चौदा वर्षे, १८९० साली, त्याच मिसुरी राज्यात नेवाडा या गावी यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या माजी सैनिकांचा मेळावा भरला होता आणि स्थानिक वृत्तपत्राने तेथल्या खानपानाचा हिशेब छापला होता. त्यात ११,७०५ पौंड गोमांस, ४,८०० पौंड पाव, २,२२० गॅलन कॉफी यांच्या बरोबरीने ८८० गॅलन, म्हणजे सुमारे ३,३०० लिटर, आइस टीची नोंद आहे. जो पदार्थ हजारो माणसांच्या पंगतीत काही आगळेवेगळे वाढल्याचा आव न आणता वाढला जातो, तो नवा नसतो. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनातही गार चहा विकला गेला होता, आणि ब्लेचिन्डेन त्या वेळीही भारतीय चहाच्या कामावर तेथे हजर होता. सेंट लुईसमध्ये त्याला एकाएकी साक्षात्कार झाला असे मानणे त्यामुळे अवघडच जाते.

घरगुती कृतीचा माग काढत गेले तर आपण आणखी मागे पोहोचतो. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मॅरियन कॅबेल टायरी या बाईंनी व्हर्जिनियातल्या अडीचशे गृहिणींच्या पाककृतींचा ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातली गार चहाची कृती आजही मांडीवर घेऊन करता येईल इतकी स्पष्ट आहे. चहाचे भांडे आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्यायचे, त्यात एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडे कमी, उकळते पाणी आणि दोन चमचे चहाची पाने घालायची. संध्याकाळी प्यायचा असेल तर हे काम सकाळच्या न्याहारीच्या वेळीच उरकायचे. दुपारी तो न ढवळता गाळून घ्यायचा, पुन्हा तसाच ठेवायचा, आणि पिण्याच्या वेळी तळाचा गाळ मागे राहील अशा बेताने ओतायचा. पेले बर्फाने भरायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर घालायची, वरून चहा सोडायचा; लिंबू पिळले तर चहाचा तुरटपणा मरतो, असे बाई सांगतात. यातली एक गोष्ट आजच्या वाचकाला चुकल्यासारखी वाटेल : बाईंचा चहा हिरवा आहे. त्या काळी अमेरिकेत चीन आणि जपानमधून येणारा हिरवा चहा मोठ्या प्रमाणावर प्यायला जाई. १८८४ साली बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख मेरी लिंकन यांनीही आपल्या पुस्तकात फोडलेला बर्फ, साखरेचे खडे आणि लिंबाची चकती घालून गार चहा दिलेला आहे. म्हणजे दक्षिणेतली माजघरे आणि उत्तरेतल्या पाकशाळा, दोन्हींकडे तो पोहोचलेला होता.

या कृतींमध्ये चहा, साखर आणि लिंबू हे जुनेच पदार्थ आहेत. नवा होता तो बर्फ. भर उन्हाळ्यात सामान्य घरात पेला भरून बर्फ मिळणे ही एकोणिसाव्या शतकातली कमाई आहे आणि तिचे बरेचसे श्रेय बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या हट्टी व्यापाऱ्याला जाते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून तो उष्ण प्रदेशांत विकण्याची कल्पना त्याने १८०६ साली मार्टिनिक बेटावर जहाज पाठवून आजमावली, तीत खोट खाल्ली, कर्जापायी तुरुंगातही गेला, पण कल्पना सोडली नाही. १८२५ च्या सुमारास त्याचा सहकारी नॅथॅनिएल वाइएथ याने घोड्याने ओढायचा बर्फ कापण्याचा नांगर तयार केला. त्यामुळे सारख्या आकाराच्या लाद्या निघू लागल्या, त्या एकमेकींना चिकटवून रचता येऊ लागल्या आणि भुश्शात दडपलेला साठा कमी वितळू लागला. बर्फ स्वस्त झाला तो इथपासून.

याच व्यापाराचे एक टोक आपल्याकडेही होते. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. मद्रासच्या किनाऱ्यावरचे ‘आइस हाउस’ तर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तेथे राहिले होते. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी ‘मुंबई समाचार’ने त्या काळात छापली होती. गंमत अशी, की बर्फ मुंबईत आला तेव्हा येथल्या सामान्य घरांत चहा अजून आलेला नव्हता. आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला तोच मुळी १८३९ च्या जानेवारीत, आणि मराठी घरात चहा रुळला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, दूध-साखर घातलेले ऊन पेय म्हणून. ‘चहा गार होतोय, घ्या’ ही आपल्याकडची आग्रहाची भाषा आहे. ज्या घरात गार झालेला चहा पुन्हा आधणावर ठेवला जातो, तेथे तो मुद्दाम गार करण्याची कल्पना पचायला वेळ लागणारच.

मग सेंट लुईसच्या गोष्टीला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण वेगळा. १९०३ साली भारत सरकारने चहा उत्पादकांच्याच मागणीवरून निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला. दर रतलामागे (म्हणजे पौंडामागे) पाव पै, आणि रुपयाच्या पै १९२, म्हणजे एक रुपया गोळा व्हायला ७६८ रतल चहा देशाबाहेर जायला हवा. या थेंबाथेंबाने साचलेल्या पैशातून देशात आणि परदेशात भारतीय चहाचा प्रचार व्हायचा. प्रचाराचा रोख सरळ होता : अमेरिकन माणसाने चीन-जपानचा हिरवा चहा सोडून भारत आणि सिलोनचा काळा चहा प्यावा. सेंट लुईसला भारताचा मंडप आग्र्याच्या इतिमाद-उद-दौलाच्या मकबऱ्याच्या धर्तीवर उभारला होता, तो हौसेखातर नव्हे. ब्लेचिन्डेनने गार चहा शोधून काढला नाही; माहीत असलेल्या गार चहात काळी पाने घालून तो प्रदर्शनाला लोटलेल्या गर्दीसमोर धरला, एवढे म्हणणे पुराव्याला धरून होईल. जाहिरातीच्या दृष्टीने पाहिले तर हे काम शोधापेक्षा कमी नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा उन्हाळी पेयांना मागणी वाढली. दुसऱ्या महायुद्धात चीन-जपानचा हिरवा चहा येणे थांबले आणि अमेरिका काळ्या चहावर आली ती आलीच. दक्षिणेकडच्या राज्यांत चहा ऊन असतानाच त्यात भरपूर साखर विरघळवून मग गार करण्याची चाल रूढ झाली. तिलाच तेथे ‘स्वीट टी’ म्हणतात. साखर गार पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे या चालीमागे चवीइतकाच व्यवहारही आहे. आज अमेरिकेत प्यायल्या जाणाऱ्या चहापैकी सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक चहा गार प्यायला जातो. जपानात ‘इतो एन’ कंपनीने १९८१ साली डबाबंद ऊलाँग चहा आणि १९८५ साली डबाबंद हिरवा चहा बाजारात आणला, तेव्हा मात्र त्यात साखर नव्हती. तिकडची वाट निराळी आहे.

हिरव्यावरून काळ्यावर झालेल्या या बदलाचा परिणाम थेट आपल्या घरच्या चहाच्या भांड्यात दिसतो. मी पहिल्यांदा घरी आइस टी केला तेव्हा नेहमीचीच चहापूड उकळली, गाळली, आणि काचेच्या जगमध्ये भरून तो कोरा चहा तडक फ्रीजमध्ये ठेवला. ठेवताना तो मधासारखा पारदर्शक होता. तासाभराने काढला तर जणू कोणी चमचाभर दूध घातल्यासारखा गढूळ, मातकट. फेकून देणार होते, पण पेलाभर गरम केला आणि तो डोळ्यांदेखत पुन्हा नितळ झाला. चहाच्या धंद्यातली माणसे या गढूळपणाला ‘क्रीम’ म्हणतात. चहातले कॅफीन आणि काळ्या चहाला रंग व तुरटपणा देणारी थिआफ्लेविन, थिआरुबिजिन ही द्रव्ये ऊन पाण्यात विरघळलेली असतात. पाणी गार झाले की ती एकमेकांना धरतात आणि बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतात. चहा जितका कडक, तितका गढूळ. आपल्या डब्यातली दाणेदार पूड असते सीटीसी पद्धतीची. दातेरी रूळांमध्ये पाने चुरून, फाडून, वळवण्याचे हे यंत्र विल्यम मॅककर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसामात तयार केले. दूध पचवील असा कडक, लालभडक चहा मिनिटभरात उतरावा, यासाठी ही पूड उत्तम. नेमका तोच गुण गार चहात आडवा येतो.

म्हणून घरी करताना शक्य तर लांब पानाचा, ज्याला बाजारात ऑर्थोडॉक्स म्हणतात तो, चहा घ्यावा. पूडच वापरायची असेल तर ती पाण्यात उकळू नये; गॅस बंद करून लिटरला दोन-तीन चमचे घालावी, झाकण ठेवून तीन-चार मिनिटांत गाळावी, साखर त्याच वेळी विरघळवावी आणि भांडे ओट्यावरच पूर्ण निवू द्यावे. घाईने केलेला चहा लगेच बर्फावर ओतायचा असेल तर पूड दुप्पट लागते, कारण निम्मे पाणी बर्फ पुरवतो. लिंबू शेवटी पिळावे. आम्लामुळे रंग झटकन उजळतो, तो बिघाड नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे पाने गार पाण्यातच टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणे. गार पाण्यात कॅफीन आणि तुरट द्रव्ये कमी उतरतात, त्यामुळे चहा सकाळी नितळ मिळतो. उन्हात बरणी ठेवून चहा मुरवण्याची अमेरिकेतली जुनी हौस मात्र उचलू नये : उन्हाने पाणी कोमट होते, जंतू मरतील इतके तापत नाही, आणि तेथल्या आरोग्य यंत्रणांनीही त्याबद्दल सावध केलेले आहे.

टायरीबाईंच्या घरी फ्रीज नव्हता. न्याहारीला केलेला चहा त्या संध्याकाळपर्यंत भांड्यातच हळूहळू निवू देत, न ढवळता गाळत आणि खाली बसलेला गाळ खालीच सोडत.