तुंबलेल्या नळाची उपमा: स्टेंटमागचं संशोधन

अँजिओग्राफीनंतर, म्हणजे धमनीत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडल्यावर, पडद्यावर चित्र दिसतं. काळ्या रेघेसारखी धमनी, मध्येच ती बारीक झालेली जागा, आणि सोबत ठरलेलं वाक्य: 'इथे नव्वद टक्के ब्लॉकेज आहे.' नळ तुंबलाय, मोकळा करून घ्यायचा, एवढंच ऐकणाऱ्याच्या मनात उरतं. हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर ही उपमा जवळजवळ चपखल बसते. एरवी ती बऱ्याचदा फसवते. स्टेंटवरचं, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या बारीक जाळीवरचं, गेल्या पन्नासेक वर्षांचं संशोधन वाचताना मला हाच धागा सतत हाताला लागतो.

हृदयापर्यंत नळी नेता येते हे पहिल्यांदा दाखवलं वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने, १९२९ मध्ये, आणि तेही स्वतःवर. वय पंचविशीच्या आसपास. दंडाच्या शिरेतून कॅथेटर आत सरकवून तो स्वतःच्या पायांनी एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात असल्याचा फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं. १९५६ साली नोबेल मिळालं तेव्हा तो मूत्ररोगांची प्रॅक्टिस करत होता. खुद्द हृदयाच्या धमन्यांचं चित्र मात्र अपघाताने मिळालं. १९५८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडत असताना कॅथेटरचं टोक घसरून उजव्या हृदयधमनीत गेलं. डाय थेट तिथे गेला तर माणूस दगावणार, अशी तेव्हाची समजूत. हृदय काही क्षण थांबलं, रुग्णाला खोकायला लावलं, ठोके पुन्हा सुरू झाले. अँजिओग्राफीचा जन्म झाला, आणि तिच्याबरोबर त्या बारीक झालेल्या रेघेची भुरळही.

रेघ दिसली की ती रुंद करावीशी वाटणारच. १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायातली अरुंद धमनी एकापेक्षा एक जाड नळ्या घालून मोकळी केली. पाय कापायला त्यांनी ठाम नकार दिला होता. पुढे त्या स्वतःच्या पायांवर चालत राहिल्या. डॉटरच्या देशबांधवांनी हे फारसं मनावर घेतलं नाही, युरोपात मात्र त्याचे शागीर्द निघाले. त्यांतला एक आंद्रेआस ग्रुंटझिग. त्याने झुरिकमध्ये घरच्या स्वयंपाकघरात टोकाशी फुगा असलेली बारीक कॅथेटरं जुळवली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने जाग्या असलेल्या ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयधमनीत असा फुगा फुगवला आणि काढून घेतला. ती धमनी पुढे अनेक वर्षं उघडी राहिली. ग्रुंटझिगला मात्र इतकं आयुष्य मिळालं नाही. १९८५ मध्ये, ४६ व्या वर्षी, विमान अपघातात तो गेला.

नुसत्या फुग्याच्या दोन अडचणी होत्या. काही रुग्णांची धमनी फुगा काढताच आतून फाटून मिटायची, म्हणून शेजारी बायपासची टीम तयार ठेवावी लागे. आणि मोकळी झालेली जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची, जवळपास दर तीन रुग्णांमागे एकाची. मग आतून जाळीचा आधार द्यायची कल्पना पुढे आली. १९८६ मध्ये तुलूझमध्ये जाक प्युएल आणि लोझानमध्ये उलरिख झिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट बसवले. तिकडे हुलिओ पाल्माझ हा मूळचा अर्जेंटिनाचा डॉक्टर वेगळ्या रचनेवर काम करत होता. गवंडीकामात गिलाव्याखाली लावतात ती धातूची जाळी पाहून त्याला ती सुचली. १९९४ मध्ये बेनेस्टेंट आणि स्ट्रेस हे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. बेनेस्टेंटमध्ये पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण फुग्याने ३२ टक्के आणि स्टेंटने २२ टक्के निघालं, आणि स्टेंटचं बस्तान बसलं.

पण शरीराला धातू परका. त्यावर गुठळी धरते, म्हणून सुरुवातीला रक्त पातळ करणारी इतकी जहाल औषधं देत की रक्तस्राव हीच मोठी भीती असे. मिलानच्या अंतोनिओ कोलोंबोने दाखवलं की खरी चूक स्टेंट नीट न उघडण्यात आहे. जास्त दाबाने फुगवून तो भिंतीला घट्ट टेकवला, तर साधी प्लेटलेटविरोधी (गुठळी धरवणाऱ्या रक्तकणिकांना रोखणारी) औषधं पुरतात. आजची दोन गोळ्यांची पद्धत तिथून आली. पुढचा प्रश्न जाळीतून आत वाढणाऱ्या पेशींचा. त्यावरचं औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या एका जंतूतून आलं होतं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रापामायसिन, म्हणजेच सिरोलिमस. सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते मॉन्ट्रिअलमध्ये वेगळं केलं. १९९९ मध्ये साओ पाउलोत एदुआर्दो सोझा यांनी या औषधाचा लेप असलेले स्टेंट पहिल्यांदा बसवले. २००२ च्या रॅव्हेल अभ्यासात सहा महिन्यांनी औषधी स्टेंट घेतलेल्या एकाचीही धमनी पुन्हा अरुंद झालेली नव्हती. साध्या स्टेंटमध्ये हे प्रमाण २६.६ टक्के होतं. शून्य हा आकडा वैद्यकात सहसा दिसत नाही, त्यामुळे लोक हरखून गेले. चारच वर्षांनी, २००६ मध्ये, बार्सिलोनाच्या युरोपियन परिषदेत या स्टेंटमध्ये वर्ष-दोन वर्षांनंतरही अचानक गुठळी होते, असा सूर उठला आणि खळबळ माजली. पेशींची वाढ रोखणारं औषध जखम भरून येणंही रोखत होतं. आणखी बारीक तारा, सौम्य लेप आणि नवी औषधं यांनी तो धोका पुढे बराच उतरला. विरघळून जाणाऱ्या स्टेंटचा प्रयोगही झाला. ॲब्सॉर्ब नावाच्या स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये त्याची विक्री बंद झाली.

ही झाली जाळीची गोष्ट. झटक्याची गोष्ट बराच काळ वेगळ्याच वाटेने चालली होती.

१९७० च्या दशकापर्यंत मोठा वाद होता: धमनीतली गुठळी हे झटक्याचं कारण की परिणाम? शवविच्छेदनात ती कधी दिसे, कधी नाही. जिवंत रुग्णाची झटक्याच्या ऐन भरात अँजिओग्राफी करणं म्हणजे आगीत तेल, असं मानत. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमध्ये मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी ती केली आणि १९८० मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ पैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे गुठळी आधी, आणि काही वेळा ती आपोआप विरघळतेही. तिकडे रायमर आणि जेनिंग्स यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की धमनी बंद झाल्यावर स्नायू एकदम मरत नाही; आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे, लाट सरकावी तसा मरत जातो. या दोन निष्कर्षांनी सगळा हिशेब घड्याळावर आणला.

सुरुवात औषधांनी झाली. १९८६ च्या इटलीतल्या जिस्सी अभ्यासात साडेअकरा हजारांहून जास्त रुग्ण होते. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. १९८८ च्या आयसिस-२ मध्ये १७,१८७ रुग्ण. तिथे स्ट्रेप्टोकायनेज आणि स्वस्तातली ॲस्पिरिन दोन्ही मिळून पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले. या अभ्यासातला एक खट्याळपणा मला फार आवडतो. नियतकालिकाच्या संपादकांनी रुग्णांचे छोटे-छोटे गट पाडून हिशेब मागितला, तेव्हा लेखकांनी राशींनुसारही तो दिला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही, असं निघालं! आकडे पुरेसे पिळले की ते काहीही बोलतात, हे याहून चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

औषधाने बऱ्याच धमन्या उघडतच नसत, आणि मेंदूत रक्तस्रावाची भीतीही होती. म्हणून थेट फुगा वापरायचा मार्ग अमेरिकेत जेफ्री हार्ट्झलर वगैरेंनी आधीच धरला होता. २००३ मध्ये २३ अभ्यास आणि ७,७३९ रुग्ण एकत्र करून मांडलेल्या हिशेबात तातडीच्या अँजिओप्लास्टीने, म्हणजे फुग्याने धमनी उघडल्याने, गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या तुलनेत अल्पकालीन मृत्यू ९ वरून ७ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. अट एकच, ती वेळेत व्हायला हवी. रुग्णालयाच्या दारापासून फुगा फुगेपर्यंत नव्वद मिनिटं, हा दंडक त्यातूनच आला. इथे नळाची उपमा खरी ठरली. अर्थात तीही जास्त ताणू नये. गुठळी आधी शोषून काढली तर आणखी बरं, असं कुणालाही वाटेल; २००८ मध्ये एका अभ्यासाने तसं दाखवलंही. पुढे टेस्ट आणि टोटल या कितीतरी मोठ्या अभ्यासांत सरसकट शोषण्याचा फायदा दिसला नाही.

आता दुसरी बाजू. चालल्यावर छातीत दुखतं, थांबलं की जातं, अशा स्थिर दुखण्यात तीच जाळी बसवली तर पुढचा झटका टळतो का? १९८० च्या दशकातच एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात आली होती. ज्यांची जुनी अँजिओग्राफी हाताशी होती, त्यांच्यापैकी अनेकांना झटका आला तो पूर्वी फारशा अरुंद नसलेल्या जागी. किरकोळ दिसणारा चरबीचा साठा फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि धमनी बंद होते. चित्रात जी जागा सर्वांत भयंकर दिसते, तीच पुढे घात करेल असं नाही. २००७ मध्ये करेज अभ्यासाने २,२८७ रुग्णांत दाखवलं की चांगल्या औषधोपचारावर अँजिओप्लास्टीची भर घालूनही मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. पाच हजारांवर रुग्णांच्या इस्केमिया नावाच्या अभ्यासाने २०२० मध्ये साधारण तेच सांगितलं. झटका येऊन गेलेल्यांचं गणित मात्र वेगळं निघालं. त्यांच्या इतर अरुंद धमन्यांतही स्टेंट घातल्यास फायदा होतो, हे २०१९ च्या कम्प्लीट अभ्यासात दिसलं.

मग निदान छातीतलं दुखणं तरी थांबतं ना? लंडनमधल्या संशोधकांनी हे तपासायला धाडसी मार्ग घेतला. २०१७ च्या ऑर्बिटा अभ्यासात २०० रुग्णांना कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, नेलं. अर्ध्यांना स्टेंट बसवला, अर्ध्यांना फक्त झोपवून बाहेर आणलं. कुणाला काय मिळालं हे त्यांना सांगितलं नाही. व्यायामाच्या वेळेत दोन गटांतला फरक जेमतेम सोळा सेकंदांचा निघाला, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. हे रुग्ण औषधं घेत होते, म्हणून फरक झाकला गेला, असा आक्षेप आला. २०२३ च्या ऑर्बिटा-२ मध्ये दुखण्यावरची औषधंच बंद केली. या वेळी स्टेंटचा उपयोग स्पष्ट दिसला: ४० टक्के रुग्णांचं दुखणं पूर्ण गेलं, खोट्या उपचाराच्या गटात १५ टक्क्यांचं. उरलेल्या ६० टक्क्यांची धमनी मोकळी झाली होती, तरी छातीतलं दुखणं काही ना काही राहिलं होतं.