धुक्याचा रोल देण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या साताऱ्याच्या डार्करूममध्ये धुक्यात काढलेले फिल्मचे रोल यायला लागतात. एक झाड किंवा एक पवनचक्की, बाकी सगळं मोकळं. असे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आम्हाला मनापासून आवडतात. त्यामुळे डोळ्याला दिसलेलं धुकं निगेटिव्हवर नीट उतरलेलं नसलं की रोल वाळत घालताना फार हळहळ वाटते.

बहुतेक वेळा चूक एक्स्पोजरची, म्हणजे फिल्मला किती उजेड दिला त्याची असते. उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी धरून चालतो. पांढरं धुकं दाखवलं तर त्यालाही तो करडं करायला बघतो, उजेड कमी पडतो आणि निगेटिव्ह पातळ येते. प्रिंटमध्ये धुकं मळकट दिसतं, झाडाचं खोड नुसता काळा डाग होतं. म्हणून धुक्यात मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या: १/२५० सेकंद म्हणाला तर १/१२५. जवळजवळ सगळी फ्रेम पांढरी असेल तर दीड स्टॉपही चालेल. एवढं जास्तीचं एक्स्पोजर ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आरामात पेलते. उलट सावलीत जे उतरलंच नाही, ते डेव्हलपरमध्ये (फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या रसायनात) कितीही वेळ ठेवून आम्हाला आणता येत नाही.

आता फ्रेमकडे. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग आहे. तिथे गेल्या गेल्या क्लिक करू नका. धुकं सरकत असतं. मागच्या चक्क्या एकेक करून पुसल्या जातात आणि कधीतरी एकच उरते. तेवढ्यासाठी अर्धा तास उभं राहावं लागलं तरी राहा, ३६ फ्रेमच्या रोलमध्ये ती एक पुरे.

झाड निवडताना रंग विसरा. हिरव्या डोंगरापुढचं हिरवं झाड डोळ्याला सुटं दिसतं, पण फिल्मवर दोन्ही एकाच करड्यात मिसळतात. झाडामागे आकाश, धुकं किंवा पाणी येईल अशी जागा शोधा. सड्यावर (कातळाच्या पठारावर) उकिडवे बसलात की क्षितिज खाली जातं आणि झाड आकाशात येतं. (कासला मात्र फुलांवर बसू नका, वाटेवरूनच काय ते करा. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे.) झाडाच्या आजूबाजूला विजेची तार, दगडावरचा चुना, कोपऱ्यात घुसलेली फांदी आहे का, हे क्लिकच्या आधी चारही कडांवरून नजर फिरवून बघा.

लाल फिल्टर पावसाळ्यात घरी ठेवलात तरी चालेल. तो निळं आकाश गडद करतो. ढगाळ पांढऱ्या आकाशाला तो काहीच करत नाही, वर साधारण तीन स्टॉप उजेड खातो. तो दिवाळीनंतरच्या स्वच्छ निळ्या आकाशासाठी राखून ठेवा. हातातल्या मीटरने मोजत असाल तर ते तीन स्टॉप स्वतः भरायचे असतात.

एक गोष्ट प्रिंटची. ३५ मिमीची फ्रेम ३:२ असते, ८×१० इंचांचा कागद तसा नाही. कागद पूर्ण भरायचा तर फ्रेमच्या लांबीचा सहावा भाग कापावा लागतो. तुम्ही विचार करून फ्रेमच्या कडेला ठेवलेली होडी नेमकी त्यातच जाते. ऑर्डर देताना ‘पूर्ण फ्रेम’ म्हणा. आम्ही पांढरी पट्टी सोडून अख्खी छापू.

मोकळ्या करड्या भागात धूळ, ओरखडा, पाण्याचा डाग, सगळं ठळक दिसतं. म्हणून आम्ही डेव्हलपर २० अंशांवर धरतो, उन्हाळ्यात त्यासाठी बर्फ लावतो, आणि शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात करतो. तुमच्याकडून एवढंच हवं: जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीचा फोम चिकट झाला असेल तर रोल भरण्याआधी बदलून घ्या, नाहीतर उजेडाची रेघ थेट आकाशात उमटते. रोल सावलीत भरा, सावलीत काढा. आणि डबीवर चिठ्ठी लावा: कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्मच्या वेगाचा आकडा) किती ठेवला होता, धुक्याच्या फ्रेम कोणत्या.