ओढ्याकाठची वाट बुडणारी हवी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचं शहर आहे. शहराच्या मधोमध बोल्डर क्रीक वाहते. क्रीक म्हटलं की आपल्याला ठाण्याची खाडी आठवते, पण तिकडे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यालाही क्रीकच म्हणतात, म्हणून इथे आपण ओढाच म्हणू. त्याच्या काठाने झाडांच्या सावलीतून जाणारी लांबलचक वाट आहे. लोक तिथे चालतात, सायकली चालवतात. त्या वाटेलगत एक उंच खांब उभा आहे आणि त्याच्यावर पाण्याच्या खुणा आहेत : ५० वर्षांचा पूर आला तर पाणी इथवर, १०० वर्षांचा आला तर इथवर, ५०० वर्षांचा आला तर इथवर. सगळ्यांत वरची खूण बिग थॉम्पसन नदीच्या दरीत आला तसा पूर इथे आला तर पाणी कुठवर येईल, याची आहे. ३१ जुलै १९७६ च्या रात्री त्याच डोंगररांगेतल्या त्या दरीत आलेल्या लोंढ्याने १४० हून अधिक माणसं नेली.

हा खांब गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाच्या स्मरणार्थ आहे. पूर हे देवाचं करणं, पण पुरातलं नुकसान हे बव्हंशी माणसाचं करणं, असं ते १९४० च्या दशकातच लिहून गेले होते. मला ही वाट आवडते ती याच खांबासाठी. आपण जिथे चालतोय ती जागा पाण्याची आहे, हे तिथे लपवलेलं नाही.

या वाटेची मूळ कल्पना आणखी जुनी. १८९४ मध्ये बोल्डरला मोठा पूर आला. पुढे शहराच्या सुधारणेसाठी नागरिकांनीच स्थापन केलेल्या एका संस्थेने फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याकडून अहवाल मागवला. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेड यांचे हे चिरंजीव. १९१० च्या त्या अहवालात त्यांनी सुचवलं, की ओढ्याला भिंतींत कोंडण्यापेक्षा पुराची जमीन बागेसाठी मोकळी ठेवा. तेच सोपं आणि स्वस्त पडेल. वाट प्रत्यक्षात यायला १९८० चं दशक उजाडलं.

ओल्मस्टेड यांचं म्हणणं बरोबर का होतं, हे ओढ्याच्या अंगातच लिहिलेलं आहे. नैसर्गिक ओढा आपलं पात्र स्वतः कोरतो. पण कुठल्या पाण्याच्या मापाने? रोजच्या झुळझुळीच्या नाही, आणि महापुराच्याही नाही. बहुतेक ओढ्यांचं पात्र साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याने काठोकाठ भरतं. गाळ उचलून पात्राला आकार देण्याचं बरंचसं काम याच नेमाने येणाऱ्या पाण्याकडून होतं. त्याहून मोठं पाणी आलं की ते काठावरून बाहेर पडणार आणि शेजारच्या सपाटीवर पसरणार. ती सपाटी म्हणजे ओढ्याचाच दुसरा, क्वचित लागणारा भाग. पाणी तिथे उथळ होतं, झाडाझुडपांत अडतं, मंदावतं, गाळ खाली टाकतं. उंबर, करंज, वाळुंज यांची मुळं काठ धरून ठेवतात. लव्हाळा तर लोंढ्यात आडवा होतो आणि खालच्या मातीवर स्वतःचंच पांघरूण घालतो.

आता याच ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घाला. उतार तोच, खोली तीच. पण गवत-दगडांच्या पात्रापेक्षा गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी तिप्पट-चौपट वेगाने धावू शकतं. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा मारा चौपट होतो. भिंत बांधणाऱ्याच्या दारातलं पाणी लवकर निघून जातं खरं, पण खालच्या वस्तीत ते एकदम आणि जोरात पोचतं.

त्यातच शहराने ओढ्याकडे येणारं पाणीही वाढवलेलं असतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. ५० मिलिमीटरच्या सरीत एका हेक्टरवर पाच लाख लिटर पडतं. झाडाझुडपांच्या जमिनीवरून त्यातलं दहाएक टक्के वाहून जातं, बाकीचं जिरतं किंवा उडतं. छपरं, रस्ते आणि पार्किंगने मढवलेल्या जमिनीवरून निम्म्याहून जास्त वाहतं, तेही काही मिनिटांत. डोंगरउतारावर इमारती उभ्या राहिल्या की खालचा ओढा न बदलताच लहान पडतो.

आपल्याकडे नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. ‘१०० वर्षांचा पूर’ या शब्दाने फार घोटाळा केलाय. एकदा आला की शंभर वर्षं निश्चिंत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, एवढंच. ३० वर्षं गृहकर्ज फेडणाऱ्या माणसाला तो निदान एकदा दिसण्याची शक्यता २६ टक्के भरते. २५ वर्षांच्या पुराची तर ७० टक्क्यांच्या वर.

सप्टेंबर २०१३ मध्ये बोल्डरची कसोटी लागली. वर्षभरात सरासरी ५२५ मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात आठवडाभरात ४३० मिलिमीटरहून अधिक कोसळला, त्यातला सुमारे २३० एकाच दिवशी. काठची वाट पाण्याखाली गेली, आणि जायलाच हवी होती. शहराचं नुकसान बरंच झालं, पण त्यातलं पुष्कळसं छोट्या उपओढ्यांकाठी आणि सांडपाणी तुंबून तळघरांत शिरल्याने झालं. मुख्य ओढ्याची जागा मोकळी ठेवली तरी त्याला मिळणारे लहान ओहोळ विसरून चालत नाही, हा धडा त्या शहराने बरीच किंमत देऊन घेतला.

पुण्यात हे वाचताना आंबील ओढा आठवल्याशिवाय राहत नाही. कात्रजच्या डोंगरात उगम, मग तिथले तलाव, पुढे पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा आणि दांडेकर पुलाखालून मुठेकडे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातच त्याचा प्रवाह वळवला गेला. पर्वतीखालच्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हा ओढा भिंती पाडत घरांत शिरला. त्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. आपण त्याला ‘नाला’ म्हणायला लागलो तिथेच अर्धं बिघडलं असं मला वाटतं. नाला म्हटलं की तो झाकायचा असतो, ओढा म्हटलं की त्याला काठ असतो.

अशा ओढ्याकाठी हरित पट्टा आखायचा तर पहिली बैठक आराखडा दाखवण्यासाठी नको, विचारण्यासाठी हवी. त्या रात्री पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं? आधी कुठून आलं, रस्त्यावरून की मोरीतून? शाळेची मुलं ओढा कुठे ओलांडतात? सांडपाण्याचे पाइप कुठे उघडतात? पाणी मोजणारी यंत्रं लहान ओढ्यांवर क्वचितच असतात. तिथे भिंतीवरची चिखलाची रेघ आणि शेजाऱ्यांची आठवण हीच मोजमापं. जलवैज्ञानिक अशा खुणांची उंची मोजून पुराचं पाणी किती होतं, याचा हिशेब मागे जाऊन मांडू शकतात.

या बैठकीत काठावर राहणारे आधी हवेत. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं पाडली गेली तेव्हा केवढा आक्रोश झाला. पुराच्या जागेत माणसं राहू नयेत हे विज्ञान सांगतं. ती कुठे, कधी, कशी जावीत हे त्यांना वगळून ठरवणं अन्याय आहे.

मग वाटेची आखणी. ती नेमाने येणाऱ्या पाण्याच्या थोडी वर असावी, म्हणजे दर सरीला बंद पडणार नाही, आणि मोठ्या पुरात बिनबोभाट बुडेल. कठडे आणि जाळ्या शक्य तितक्या कमी, कारण त्यांत कचरा अडकून छोटा बांधच तयार होतो. रस्त्याच्या पुलाखालून जाणारी वाट सगळ्यांत आधी बुडते, तिथे फाटक हवं. पादचारी पूल एका टोकाला बिजागरीवर बसवता येतात. लोंढा आला की ते काठाला लागतात, पाणी अडवत नाहीत. आणि मैलापाणी आधी थांबवायला हवं, नाहीतर नाक धरून कोण चालणार?

आंबील ओढ्याकाठी २०१९ ची रेघ आता बऱ्याच भिंतींवर रंगाखाली गेली असेल. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ती अजून हाताने दाखवता येईल. टेप घेऊन जायचं असेल तर याच पावसाळ्याआधी जावं.