बदलीच्या नोकरीतला बॅट्समन : रॉबर्ट पूअरची गोष्ट

साऊथ आफ्रिकेच्या अगदी जुन्या टेस्ट खेळाडूंची यादी चाळताना १८९६ सालात एक नाव लागतं, आर. एम. पूअर. तीन टेस्ट, एकूण ७६ रन्स, बस्स. वाटतं की संधी मिळाली, जमलं नाही, विषय संपला. पण याच माणसाने पुढे तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये एका सीझनला ९१.२३ ची सरासरी काढली, आणि ती थेट १९३० मध्ये ब्रॅडमन इंग्लंडला येईपर्यंत कुणाला मोडता आली नाही. आणि हा क्रिकेट मनावर घेऊन शिकला कुठे, तर आपल्याकडे, मुंबई-पुण्यात. हे मला कळलं तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉबर्ट मॉन्टॅग्यू पूअर, जन्म २० मार्च १८६६, डब्लिनचा. उंची सहा फूट चार इंच. पेशाने सैनिक, सेव्हन्थ हुसार्स या घोडदळाच्या रेजिमेंटमधला अधिकारी. त्या काळी बरेच इंग्लिश बॅट्समन शाळेत असतानाच नावाजलेले असायचे, शाळेतून ऑक्सफर्ड नाहीतर केंब्रिज आणि तिथून काउंटी, म्हणजे इंग्लंडमधल्या एखाद्या परगण्याची टीम, असा सरळ रस्ता. पूअरचं तसं काहीच नव्हतं. रेजिमेंटबरोबर हिंदुस्थानात आला आणि इथे आल्यावर त्याने क्रिकेट गंभीरपणे घेतलं. तेही कसं, तर क्रिकेटवरची पुस्तकं आणून, त्यातले स्टान्स आणि स्ट्रोक वाचून समजून घ्यायचे आणि लष्करी मॅचेसमध्ये जाऊन तेच करून बघायचे. विशीतला, चांगला मोठा झालेला माणूस पुस्तक वाचून बॅटिंग शिकतो आणि पुढे जगातल्या मोठ्या बॅट्समनमध्ये गणला जातो, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

१८९२ ते १८९५ तो मुंबईच्या गव्हर्नरचा एडीसी, म्हणजे दिमतीचा लष्करी अधिकारी होता. गव्हर्नर कोण, तर लॉर्ड हॅरिस, इंग्लंडचा माजी कॅप्टन. आता जिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे ना, तो उंच टॉवर असलेली, तेच तेव्हाचं गणेशखिंडचं गव्हर्न्मेंट हाउस. पावसाळ्यात अख्खं सरकार मुंबईहून पुण्याला यायचं आणि मग इथे क्रिकेट चालायचं. गव्हर्न्मेंट हाउसच्या टीमकडून त्या काळात पूअरची सरासरी ८० होती. साहेबच क्रिकेटवेडा म्हटल्यावर एडीसीला खेळायला सुट्टी मागावी लागत नसणार हे उघड आहे. क्रिकेटशिवाय टेनिस, पोलो, रॅकेट्स, जे हातात येईल ते हा माणूस खेळायचा आणि चांगलंच खेळायचा.

याच काळात युरोपियन्स विरुद्ध पारशी या मॅचेस मुंबई-पुण्यात रंगायला लागल्या होत्या. पूअरही युरोपियन्सकडून खेळला, त्याचं फर्स्ट क्लास करिअर इथूनच, १८९२-९३ च्या सीझनपासून सुरू होतं. समोरचे पारशी काही लेचेपेचे नव्हते, १८९० च्या जानेवारीत त्यांनी मुंबईत दौऱ्यावर आलेल्या व्हर्ननच्या इंग्लिश टीमला हरवून दाखवलं होतं आणि डॉ. मेहेल्लाशा पावरींच्या बॉलिंगचा तेव्हा चांगलाच दरारा होता.

पण या सगळ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईच्या मैदानावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे आपल्या पोरांचं क्रिकेटचं ग्राउंड तुडवायचे, त्यावर एतद्देशीय खेळाडूंनी वर्षानुवर्षं अर्ज केले, भांडले, आणि हॅरिसने कौल दिला तो पोलोवाल्यांच्या बाजूने. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हाही गव्हर्नर पुण्यातच होता, लगेच मुंबईला गेला नाही, म्हणून त्याच्यावर टीका झाली. आणि त्याच सुमाराला पुण्यातच, गोऱ्यांच्या क्लबवर, एक चांभार समाजातला पोरगा महिना चार रुपयांवर कामाला होता. पिचवर रोलर फिरवायचा, क्रीजच्या रेघा आखायच्या, नेट लावायचं आणि साहेब लोक प्रॅक्टिसला आले की तासन् तास बॉलिंग टाकायची. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी कधी देत नसे, बॅटिंग हे साहेबांचं काम. तो पोरगा म्हणजे पळवणकर बाळू. हाच बाळू पुढे १९११ मध्ये हिंदुस्थानच्या टीमबरोबर इंग्लंडला गेला आणि शंभराच्या वर विकेट्स घेऊन आला. पुण्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची बॅटिंग घडली म्हणतात ती अशी, कुणाच्या तरी खांद्यावर घडली. जे. जी. ग्रेग हा दुसरा एक लष्करी बॅट्समन, तोही पुढे पूअरसारखाच हॅम्पशायर या इंग्लिश काउंटीकडून खेळला, तो तर बाळूने आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा असं सांगतात.

१८९५ ला हॅरिसची मुदत संपली आणि पूअरच्या रेजिमेंटची बदली झाली, साऊथ आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या ब्रिटिश वसाहतीत. आपल्याकडे बँकेतल्या नाहीतर महसूल खात्यातल्या माणसाची बदली झाली की घर, मुलांची शाळा सगळं बदलतं, तसं तेव्हा या लोकांचं खेळायचं राष्ट्रसुद्धा बदलायचं! त्याच हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्याकडच्या उन्हाळ्यात, लॉर्ड हॉकची इंग्लिश टीम तिकडे दौऱ्यावर आली. वातावरण भयंकर तापलेलं, जेम्सन रेड, म्हणजे ब्रिटिश बाजूच्या माणसांनी बोअरांच्या (तिथल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या) ट्रान्सवालवर घातलेला फसलेला छापा, नुकतीच झालेली. पीटरमॅरिट्झबर्गला नाताळकडून खेळताना पूअरने त्यांच्याविरुद्ध ११२ मारले आणि लगेच साऊथ आफ्रिकेच्या टीममध्ये त्याचं नाव आलं. डब्लिनला जन्मलेला, हिंदुस्थानात क्रिकेट शिकलेला माणूस, त्या देशात येऊन जेमतेम काही महिने झालेले, आणि इंग्लंडच्याच विरुद्ध साऊथ आफ्रिकेकडून खेळतोय. तेव्हा कुणाला यात वावगं वाटलं नाही. या मॅचेसना टेस्टचा दर्जाही नंतर मिळाला, खेळणाऱ्यांना आपण टेस्ट खेळतोय हे माहीतच नव्हतं.

फेब्रुवारी १८९६, पोर्ट एलिझाबेथ. इंग्लंडच्या जॉर्ज लोहमन नावाच्या बॉलरने पहिल्या इनिंगमध्ये ७ विकेट्स घेतल्या, दुसऱ्या इनिंगमध्ये ७ रन्स देऊन ८. साऊथ आफ्रिका ऑल आउट ३०. पुढच्या जोहान्सबर्गच्या टेस्टला त्याच लोहमनने २८ रन्समध्ये ९ काढल्या. अशा बॉलिंगपुढे पूअरचे तीन टेस्टमधले ७६ रन्स बघितले की त्याला नावं ठेवायचा धीर होत नाही.

वावगं वाटलं नाही असं वर लिहिलं खरं, पण कोणाबद्दल वाटलं नाही ते बघायला पाहिजे. केप टाऊनला क्रोम हेंड्रिक्स नावाचा फास्ट बॉलर होता, तिथलाच, त्या मातीतला, पण गोरा नाही. १८९२ मध्ये मलाय टीमकडून (केपमधल्या मुस्लिम समाजाची टीम) तो इंग्लिश टीमसमोर खेळला आणि समोरच्या खेळाडूंनी त्याच्या स्पीडची तोंड भरून स्तुती केली. १८९४ ला साऊथ आफ्रिकेची टीम पहिल्यांदा इंग्लंडला निघाली तेव्हा त्याचं नाव चर्चेत आलं, तर केपच्या सत्ताधाऱ्यांनी ते रंगावरून कापलं. मधे एक सूचना अशीही आली की सामान सांभाळणारा म्हणून त्याला न्यावं, ती हेंड्रिक्सने स्पष्ट नाकारली. १८९६ लाही त्याला घेतलं नाही. म्हणजे रेजिमेंटबरोबर काल आलेला अधिकारी देशाचा खेळाडू ठरला आणि जन्माने तिथला असलेला बॉलर ठरला नाही. मला पूअरचा राग येत नाही, त्याचं बॅटिंग खरंच मोठं होतं. पण हेंड्रिक्सची गोष्ट वाचली की पोटात कालवतं, आणि पुण्यातला तो रोलर आठवतो.

आता १८९९. पूअर रजेवर इंग्लंडमध्ये, वय ३३, हॅम्पशायरकडून खेळतोय. १२ जून ते १२ ऑगस्ट, फक्त दोन महिने, २१ इनिंग, १५५१ रन्स, सात शतकं. त्यातली टॉन्टनची मॅच सांगायलाच हवी. समोर सॉमरसेट ही दुसरी काउंटी, हॅम्पशायर ५ बाद ६३. जोडीला आला कॅप्टन टेडी विनयार्ड, तोही लष्करातला, आणि त्याचा तर जन्मच आपल्याकडे सहारनपूरचा. दोघांनी मिळून सहाव्या विकेटला ४११ जोडले, साधारण सव्वाचार तासांत, म्हणजे दर तासाला शंभराच्या आसपास, आजच्या वनडेवाल्यांनाही अभिमान वाटावा असा वेग. विनयार्डचे २२५, पूअरचे ३०४, हॅम्पशायर ७ बाद ६७२ डिक्लेअर. आणि त्याच पंधरवड्यात पूअर पोलोच्या आंतर-रेजिमेंट फायनलमध्ये जिंकलेल्या टीमकडून खेळला आणि लष्करी टूर्नामेंटमध्ये हत्यारं चालवण्यात सर्वोत्तम ठरला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश आणि बोअर यांच्यातलं बोअर युद्ध सुरू झालं आणि हा ऐन भरातला बॅट्समन परत साऊथ आफ्रिकेला गेला, या वेळी लढायला. तिथे तो प्रोव्होस्ट मार्शल झाला, म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख, डीएसओ हे पदकही मिळालं. तिथे त्याने डायरी लिहिली. ब्रिटिश गणवेश घातलेले बोअर सापडले तर त्यांचं काय करायचं यावर ब्रिटिश सेनापती किचनरने काढलेल्या हुकुमाची नोंद त्या डायरीत आहे, १९०१ च्या ऑक्टोबरची. ब्रेकर मोरांट या ऑस्ट्रेलियातून आलेल्या, ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या अधिकाऱ्याला १९०२ मध्ये कैद्यांना मारल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. वरून तसे हुकूम होते की नव्हते हा वाद आजही चालू आहे, आणि त्या वादात पूअरच्या डायरीचं ते पान हमखास पुढे केलं जातं. त्याच्या ३०४ पेक्षा त्या एका नोंदीवर जास्त शाई खर्च झाली असेल.

युद्धानंतर तो हॅम्पशायरकडून अधूनमधून खेळला, १८९९ सारखं पुन्हा काही झालं नाही. मग रेजिमेंट परत हिंदुस्थानात आली आणि १९१२-१३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, पूअर पुन्हा युरोपियन्सच्या टीममध्ये दिसतो, वीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली त्याच टीममध्ये. एव्हाना इकडचं चित्र पार पालटलेलं होतं. १९०६ ला हिंदूंच्या टीमने बॉम्बे जिमखान्याच्या ग्राउंडवर युरोपियन्सना १०९ रन्सनी हरवलं होतं, आणि त्या टीमचा मुख्य बॉलर होता पळवणकर बाळू. पूअर ब्रिगेडियर-जनरल म्हणून निवृत्त झाला आणि १४ जुलै १९३८ ला इंग्लंडमध्ये बोर्नमथजवळ बॉस्कोमला वारला.