मेमध्ये जिरतं, सप्टेंबरमध्ये तुंबतं: काळ्या मातीतला शोषखड्डा

महामार्ग चौपदरी झाला की वर्षा-दोन वर्षांत कडेच्या कपाशीच्या जागी पांढरे हद्दीचे दगड आणि ‘एन.ए. प्लॉट विक्रीस उपलब्ध’च्या पाट्या दिसू लागतात. जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, कुठेही जा. जाहिरातीत काँक्रीट रस्ते, पेव्हर ब्लॉक, बगीचा असतो आणि हल्ली आणखी एक ओळ असते: ‘प्रत्येक प्लॉटला शोषखड्डा, पर्यावरणपूरक वसाहत’. हेतू चांगलाच आहे. पण काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा ऐन पावसाळ्यात कामाला येत नाही.

आधी पाण्याचा हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वाहून जाणाऱ्या पाण्याचा सर्वाधिक वेग काढायला अभियंते एक सोपं सूत्र वापरतात: गुणांक × पावसाची तीव्रता (मिमी/तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात येतं. १० हेक्टरचं (सुमारे २५ एकर) शेत घेऊ, पाऊस तासाला ४० मिमी. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा. शेताचा गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला साधारण ३३० लिटर पाणी बाहेर पडतं. त्याच जागी छपरं आणि काँक्रीट आलं की गुणांक ०.८ होतो आणि पाणी ८९० लिटरवर जातं. पुढचा नाला आणि रस्त्याखालची मोरी मात्र शेताच्या काळातलीच राहते. पहिल्याच जोरदार पावसात खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी का साचतं, ते इथे कळतं.

मग पाणी जागीच का जिरवू नये? इथे काळी माती आडवी येते.

या मातीतलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात, एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. थरात काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे थरावर ऋण भार उरतो. तो फेडायला दोन थरांच्या फटीत कॅल्शियम आणि सोडियमचे धन आयन येऊन बसतात. हे आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती ओढतात आणि फट रुंदावते. एका थराच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर १ वरून १.२५, मग १.५, मग १.९ नॅनोमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढतं. एका ग्रॅममध्ये या थरांचा एकूण पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो, म्हणून फटीतली ती इवलीशी वाढ शेतात हाताएवढ्या भेगा बुजवून टाकते.

याचा परिणाम मोजलेला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग पाहिला, तर पहिल्या अर्ध्या तासात तो तासाला सुमारे ७५ मिमी होता. १४४ तासांनी तो तासाला ०.२ मिमीवर आला. माती तीच, फक्त भेगा मिटलेल्या. मे महिन्यात खड्ड्यात टँकर रिकामा करून ‘बघा, पाणी गेलं!’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला खोटं बोलावंच लागत नाही.

आता खड्ड्याचं गणित. १०० चौरस मीटर छपरावर तासात ४० मिमी पाऊस पडला, तर गळती-उडती वजा जाता ३,४०० लिटर पाणी येतं. १ × १ × १.५ मीटरच्या दगडांनी भरलेल्या खड्ड्यात मोकळी जागा ४० टक्के, म्हणजे ६०० लिटर. तो दहा-अकरा मिनिटांत भरतो. तळ आणि भिंती मिळून ७ चौरस मीटर, वेग ०.२ मिमी, म्हणजे तासाला दीड लिटरसुद्धा जिरत नाही. खड्डा रिकामा व्हायला अडीच आठवडे लागतील.

सांडपाण्याच्या शोषखड्ड्याची गत याहून वाईट. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. फटीत कॅल्शियम असेल तर थर १.९ नॅनोमीटरपाशी थांबतात, सोडियमने त्याची जागा घेतली की ते सुटे होतात. हे सुटे कण उरलीसुरली छिद्रंही बुजवतात. चोपण, म्हणजे सोडियम वाढलेली जमीन ज्याने कसली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे जिप्सम का टाकतात, तर सोडियम हटवून कॅल्शियम परत आणायला.

उपाय एकच: काळा थर भेदून खाली जायचं. धुळे-नंदुरबारकडे बऱ्याच जागी काही फुटांवर मुरूम किंवा फुटका बेसाल्ट लागतो. यावल-रावेरच्या तापीच्या गाळात मात्र चिकणमातीचे जाड थर आहेत, तिथे वाळू-गोट्यांच्या थरापर्यंत बोअर नेऊन पुनर्भरण शाफ्ट, म्हणजे पाणी थेट खालच्या थरात नेणारी उभी अरुंद वाट, करावी लागते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल आणि रुंद करताना पाणी अडवणारा हाच थर काढून टाकला. त्या कामाची खरी किल्ली बंधाऱ्यापेक्षा त्या खोदाईत होती.

खोदण्याआधी चाचणी करावी. ठरलेल्या खोलीवर फूटभर लांबी-रुंदी-खोलीचा छोटा खड्डा घ्या, तो रात्रभर पाण्याने भरलेला ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. पहिल्या दिवसाचा आकडा कचऱ्यात टाकायचा. भरताना तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर दीड फूट जाड वाळू. काळ्या मातीलगतच्या भिंतीला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) लावलं नाही तर दोन पावसाळ्यांत माती दगडांत शिरते. आधी गाळटाकी हवी आणि छपराचा पहिला पाऊस बाहेर सोडायची सोय हवी. मृगाआधी दरवर्षी वरची वाळू दोन-तीन इंच खरवडून बदलावी. खड्डा घराच्या पायापासून तीन-चार मीटर तरी लांब ठेवा, नाहीतर एका बाजूची माती फुगून भिंतीला तडा जातो. संडासाचं किंवा मोरीचं पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नये.

बोअरची जागा ठरवायला अजूनही पाणाड्याला बोलावतात, हातावर नारळ उभा राहिला की रिग येते. धुळे-नंदुरबार भागात जमिनीखाली शेकडो डाइक आहेत, म्हणजे उभ्या भेगांत लाव्हा भरून झालेल्या दगडी भिंती. त्यांतल्या अनेक पाणी अडवतात, म्हणून भिंतीच्या एका अंगाला बोअर लागतं आणि पलीकडे वीस पावलांवर कोरडं जातं. नारळाला यातलं काही कळत नाही.

पेव्हर ब्लॉकबद्दलही गैरसमज आहे. सांध्यांतून पाणी जिरतं म्हणतात, पण खाली रोलरने दाबलेला मुरूम आणि दगडाची बारीक कच असते. पाणी वरूनच पळतं.

राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना पाऊसपाणी संकलन सक्तीचं आहे. आपल्याकडचे प्लॉट बहुतेक दीड-दोन हजार चौरस फुटांचे, म्हणजे २०० चौरस मीटरच्या आतले. त्यामुळे खरी संधी ले-आउटच्या दहा टक्के ओपन स्पेसमध्ये आहे. आज तिथे भराव टाकून बगीचा रस्त्यापेक्षा उंच करतात. तो फूटभर खाली ठेवावा. १० हेक्टरमध्ये १ हेक्टर मोकळी जागा ३० सेंटिमीटर खोल केली तर ३,००० घनमीटर पाणी मावतं. वरच्या ४० मिमी पावसात अख्ख्या वसाहतीतून निघणारं पाणी ३,२०० घनमीटर आहे. तळात मुरमापर्यंत चार-पाच शाफ्ट घ्याव्यात. न जिरलेलं पाणी छोट्या पाइपाने नाल्यात असं सोडावं की ७२ तासांत जागा कोरडी होईल. डासांची अंडी-अळी पूर्ण वाढायला आठवडाभर लागतो, त्याच्या आत हे उरकतं. साठलेलं सगळंच पाइपाने सोडलं तरी त्याचा नाल्यावर सेकंदाला सरासरी १२ लिटरचाच भार येतो. पाइपाच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर गुटख्याच्या पुड्या तो पहिल्याच आठवड्यात बंद करतील. झाडं लावायची तर अर्जुन, करंज, जांभूळ. दोन-तीन दिवस पाय पाण्यात राहिले तरी यांना काही होत नाही.