दारू सुटते, झोप परतत नाही: एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

दारू सोडलेल्या माणसाची झोप उडते, हे डॉक्टरांना दोनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. पण हा निद्रानाश स्वतंत्रपणे उपचार करण्याजोगा आहे, हे मान्य व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. 1813 मध्ये थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरांनी कंप, भास आणि जागरणाने बेजार झालेल्या मद्यपींच्या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ असे नाव दिले. त्यांचा भर अफूवर होता, कारण रुग्णाला गाढ झोप लागली की भ्रम ओसरतो, असा अनुभव होता. अफूच्या जोडीला 1869 नंतर क्लोरल हायड्रेट आले आणि 1903 पासून बार्बिट्युरेट. यांतल्या प्रत्येक औषधाने स्वतःचे नवे व्यसनी निर्माण केले, तरी झोपेच्या तक्रारीवर झोपेचेच औषध ही वाट काही मोडली नाही.

हा त्रास दारूमुळे होतो, कुपोषणामुळे होतो की दारू थांबवल्यामुळे होतो, याचा वादही बराच रेंगाळला. 1955 मध्ये हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे स्वयंसेवकांना पोटभर आहारासह अनेक आठवडे दारू दिली आणि मग ती एकदम बंद केली. खाण्यापिण्याची आबाळ नसतानाही कंप, निद्रानाश आणि काहींना फिट, भ्रम असे सगळे दिसले.

त्याआधी दोनच वर्षे, 1953 मध्ये, शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ‘रेम’ झोपेचे, म्हणजे जिच्यात ठळक स्वप्ने पडतात त्या झोपेचे, वर्णन प्रसिद्ध केले होते. पुढच्या दशकात प्रयोगशाळांतून दिसले की दारू ही झोप दाबते आणि दारू थांबली की ती उसळून वर येते. त्यावरून डिलिरियममधले भास म्हणजे जागेपणी घुसलेली स्वप्ने, असा तर्क निघाला. तर्क आकर्षक होता, पण माझ्या मते त्याने सगळे लक्ष पहिल्या नाट्यमय आठवड्यावर खिळवून ठेवले आणि नंतरचे कंटाळवाणे महिने अंधारातच राहिले.

खरी अडचण त्या महिन्यांत असते. रोजच्या दारूशी जुळवून घेताना मेंदूतील शांत करणारी ‘गाबा’ यंत्रणा मंदावते आणि उत्तेजित करणारी ग्लुटामेट यंत्रणा तीव्र होते. दारू गेल्यावर हा तोल लगेच सावरत नाही. माणूस अकराला अंथरुणावर पडतो, एकपर्यंत कूस बदलत राहतो, डोळा लागतो न लागतो तोच तीनला घामाने जागा होतो, आणि एका पेगने झोप लागेल हे त्याला पक्के ठाऊक असते. ते खरेही असते, पण अर्धेच: दारूने झोप लवकर लागते आणि ती शरीरातून उतरू लागली की उत्तररात्री मोडते.

1998 मधील एका अभ्यासात दारू पूर्ण सोडलेल्यांच्या झोपेतील काही बिघाड 27 महिन्यांनंतरही आढळले. याच दशकातील संशोधनाने अशा झोपेचा संबंध पुन्हा पिण्याशी जोडला, तेव्हा कुठे व्यसनमुक्तीच्या उपचारांत झोपेची विचारपूस गांभीर्याने सुरू झाली. 1960 पासून उपलब्ध झालेली बेंझोडायझेपिन औषधे सुरुवातीच्या दिवसांत फिट आणि भ्रम टाळतात. मात्र पुढे झोपेसाठी ती चालू ठेवणे धोक्याचे असते, विशेषतः दारू पुन्हा सुरू झाली तर. म्हणून अंथरुणातला वेळ आखणे, झोप येत नसेल तर उठणे आणि झोपेविषयीची धास्ती कमी करणे, अशा वर्तनोपचाराला अलीकडे प्राधान्य मिळते. त्याने झोप सुधारते, हे चाचण्यांतून दिसले आहे. दारूकडे परतणेही त्यामुळे कमी होते, याचा पुरावा अद्याप तितका ठाम नाही.