गौताळ्याचे कडे आणि औट्रम घाटाचा रस्ता : पार्श्वभूमी

पावसाळ्यात कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना ज्यांनी खानदेशाचे मैदान एकदम पायाखाली उघडलेले पाहिले आहे, त्यांना गौताळा औट्रमघाट अभयारण्याची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. येथील भेटीला आज जे स्वरूप आले आहे ते मुख्यतः दोन निर्णयांमुळे. पहिला १९८६ मधील अभयारण्याच्या घोषणेचा आणि दुसरा २०२३ मधील, अभयारण्यातून उतरणाऱ्या औट्रम घाटातल्या जड वाहतुकीच्या बंदीचा. पहिल्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. दुसऱ्यावर मात्र अजूनही दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी खडक पाहावा लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थर येथे एकावर एक बसले आहेत. घट्ट बेसाल्टचा थर उभा कडा म्हणून टिकतो. त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ थर आणि दोन थरांमधली तांबड्या मातीची पट्टी पाण्याने झिजत जाते, वरच्या कड्याचा आधार सुटतो आणि मोठाले दगड निखळतात. ज्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांसाठी पर्यटक येतात ते कडे आणि ज्या दरडींमुळे घाट बंद पडतो त्या दरडी, ही दोन्ही एकाच प्रक्रियेची फळे आहेत.

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात याच डोंगरातली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी कोरणाऱ्यांनी असाच खडक निवडला आणि त्याची किंमतही लेण्यांनी मोजली. बहुतेक दर्शनी भाग केव्हाच ढासळले आहेत. तरीही जे शिल्लक आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. विहाराच्या जोत्यावर ओळीने उभे असलेले हत्ती आहेत आणि जिन्याजवळ पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. आतून खोदलेल्या पन्हळीचे पाणी त्याच्या फण्यांतून झरावे, अशी योजना त्या कारागिरांनी केली होती. झिरपणाऱ्या पाण्याशी झगडण्यापेक्षा त्याला वाट करून देण्याचा हा शहाणपणा घाटरस्त्याच्या आजच्या नियोजनात क्वचितच दिसतो. येथील एका दात्याचा लेख पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा आहे, म्हणजे गोदाकाठची बाजारपेठ या डोंगराशी तेव्हाही जोडलेली होती.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पायथ्याच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, कन्नडचा पठारी भाग निजामाच्या राज्यात राहिला आणि डोंगराची धार ही दोन सत्तांमधली सीमा झाली. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घाटाला मिळाले आणि ते अभयारण्याच्या अधिकृत नावातही टिकले, जरी गावोगावी लोक ‘कन्नड घाट’ असेच म्हणतात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि राज्यांमधली ती सीमा मिटली. जिल्ह्यांची सीमा मात्र राहिली. त्यामुळे अभयारण्याचा एक भाग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि दुसरा जळगाव जिल्ह्यात आहे.

१९८६ मध्ये सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित झाले, तेव्हा त्यातून जाणारा रस्ता आधीपासून वापरात होता. पुढे सोलापूर–धुळे महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले आणि घाटाचा प्रश्न निराळा पडला. अभयारण्यात रस्ता रुंद करायचा म्हणजे कडा तोडायचा, जंगल कापायचे आणि त्यासाठी वन्यजीव कायद्याखालील परवानग्या मिळवायच्या. महामार्गावरची अवजड वाहने मात्र वाढतच गेली आणि अरुंद वळणांवर तासन्‌तास अडकू लागली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीत घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहने अडकली आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून घाटातून जड वाहनांना मनाई झाली. हलक्या वाहनांना मुभा राहिली.

व्यापारी आणि मालवाहतूकदार यांचे म्हणणे असे की शिऊर बंगला, नांदगावमार्गे जाण्यात डिझेल आणि वेळ वाया जातो, शेतमालाचे भाडे वाढते आणि पर्यायी मार्गावरच्या गावांवर नव्या वाहतुकीचा भार पडतो. ही तक्रार खोटी नाही आणि ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल. तरीही बंदीच्या आधी या घाटात रुग्णवाहिका आणि एसटी गाड्या कशा खोळंबत होत्या, हे तालुक्यातल्या कोणालाही विचारावे. शिवाय ज्या कड्याचा पायाच झिजतो आहे त्यावरून रात्रंदिवस लादलेले ट्रक नेणे, हा धोका कितीही डांबर ओतले तरी कमी होत नाही. बंदीमुळे डोंगरावरचा ताण हलका झाला, हे मान्य करायला हवे.

मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेते, रस्ते, वस्त्या ओलांडून गौताळ्यात पोहोचला. कित्येक दशकांनी येथे वाघाची नोंद झाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेत सलगता अजून शाबूत आहे, असे या नोंदीने दाखवून दिले. महामार्ग नेमका ही सलगता तोडतो, म्हणून घाटाचा प्रश्न केवळ वाहतुकीचा राहत नाही.

घाटाखालून बोगदा काढण्याची मागणी अनेक वर्षे चर्चेत आहे आणि ती वारंवार खर्च व परवानग्यांपाशी अडली. बोगद्याचा आग्रह धरणारे सहसा ट्रकांपुरतेच बोलतात, तर पर्यटनाचा आग्रह धरणारे वळणांवर वाहनतळ आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्या मागतात. बोगदा झाल्यावर वरच्या जुन्या रस्त्याचे काय होणार, याचा निर्णय मात्र बोगद्याच्या मंजुरीतच लिहिला गेला पाहिजे. रात्री तो पूर्ण बंद असावा, दिवसा मोजक्या वाहनांसाठी खुला असावा, थांबण्याच्या जागा ठरलेल्या असाव्यात आणि त्याचा ताबा महामार्गाकडे न राहता वनखात्याकडे जावा.